एकाच पेल्यातल्या गुळण्या

आज सकाळी पिपरी मेघेतल्या औषधाच्या दुकानात एक गृहस्थ मला ज्ञान देत होते. "ह्या माउथवॉशनं गुळणी करजो, विषाणू घशातच मरते." एवढं बोलून ते तोंड न झाकता माझ्याच अंगावर शिंकले!

मंडळी, मला नाचणगावचे आमचे हेडमास्तर आठवले. ऐंशीच्या दशकात तापाची साथ आली, तेव्हा मी चौथीत होते. त्यांनी बादलीत लाल औषध कालवलं आणि वर्गाला गुळण्या करायला लावल्या. पेला मात्र एकच. माझ्यापुढची कुसुम खोकत होती. तिचा उष्टा पेला मी तोंडाला लावला.

आठवड्यात अर्धा वर्ग तापानं फणफणला, मीही. आई तरातरा शाळेत गेली.

"गुरुजी, औषध असन चांगलं, पण सगळ्याइले एकच गिलास काऊन?"

"तुमच्या पोरीनं गुळणी नीट केली नसन."

बरी झाल्यावर आईनं माझ्या दप्तरात घरचा पेला दिला. हेडमास्तरांनी तो शिस्त मोडली म्हणून काढून घेतला आणि मला पुन्हा त्याच पेल्याच्या रांगेत उभं केलं.

असल्या शहाण्यांना तुम्ही तोंडावर काय सांगता?