गुलाबराव गुरुजींची बिडी

बिडी ओढणाऱ्याचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. त्याच्यासोबत नोकरी करा, आपोआप साचतात! आमच्या नागपूरजवळच्या सौंसरच्या शाळेत गुलाबराव गुरुजी होते. दिवसाला पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, आणि खोकला असा की शाळेला घंटा नसती तरी चाललं असतं.

*

देश स्वतंत्र झाला आणि हेडमास्तरांनी फर्मान काढलं, शाळेत बिडी बंद! गुरुजी उसळले. "इंग्रज होता तव्हा वऱ्हांड्यात पेत होतो. आता सोराज्यात का लपूनछपून पेऊ?"

हेडमास्तरांनी फर्मान मागे घेतलं.

*

छाती वाजायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर जबलपूरकडचे. म्हणाले, "मास्टरजी, फेफड़े ख़राब हो रहे हैं. बीड़ी छोड़िए."

सोबत गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी होत्या. त्यांची हिंदी बेताचीच. डॉक्टर बोलले फुप्फुसांचं, त्यांनी ऐकलं, "फेफरं"! त्या दिवसापासून गुरुजी खोकले की वहिनी धावत येऊन, फिट आलेल्याला लावतात तशी, त्यांच्या नाकाला चप्पल लावायच्या.

"गड्या," गुरुजी मला म्हणाले, "त्या वासावर उतारा म्हणून दोन बिड्या जास्त लागून राहिल्या!"

*

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला जाऊन छातीचा फोटो काढून आणा.

"नागपूर आता परराज्य! माह्या छातीत काय हाय, ते त्याइले कायले दाखवू?"

"मग भोपाळला जा," मी म्हटलं.

"तितल्या दूर जाईपर्यंत छाती टिकन का?"

सगळा स्टाफ हसला. मीही हसलो, पण सदऱ्यातून त्यांच्या बरगड्या दिसत होत्या आणि मला खरंच भीती वाटली.

*

एका रविवारी त्यांच्या घरी गेलो होतो. गुरुजी खोकून खोकून भिंतीला टेकलेले, तरी हात कट्ट्याकडेच. वहिनींचं विनवून झालं, रडून झालं.

"बिडीनं काई होत नाही वं," गुरुजी म्हणाले. "सारे डॉक्टर लबाड बोलून राहिले."

मग वहिनींनी कट्ट्यातली एक बिडी उचलली, चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि ओढली! जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तरी दुसरा झुरका घेतला.

गुरुजी धडपडत उठले आणि त्यांच्या हातातली बिडी हिसकावली. "अवं, पागल झाली का? छाती जळून जाईन! मरशीन ना!"

वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"हो का? तुमाले कोनं सांगितलं जी?"