आधी गोळी, मग शाल

मारेगाव तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी नवी नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवशी तिथल्या ज्येष्ठ नर्स प्रमिलाताईंनी माझा नमस्कार राहू दिला आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "पांढरी फटक आहेस वं! रक्तवाढीच्या गोळ्या खातेस का नाही?" रुजू होण्याचा अर्ज माझ्या हातातच राहिला.

त्याच ताईंची आता साठी; सत्कार ठरला आहे, गौरवअंक निघतो आहे. बाकीचे कौतुक लिहितील; मी तक्रार लिहिणार आहे. गेल्या महिन्यात शिबिरात त्यांचेच रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या पर्समध्ये जशाच्या तशा पडून आहेत. विचारले तर म्हणतात, "मले काय धाड भरली? मी ठणठणीत आहो."

आणि हे कोणी म्हणावे? कापूस वेचणीच्या दिवसांत मी एकदा शेतात जाऊन बायांना गोळ्या वाटल्या, रजिस्टर भरले आणि खुशीत परतले. ताईंनी एकच विचारले, "कायच्यासंगं घेतल्या?" काळ्या चहासोबत, मी म्हटले. झाले! "अवं, चहासंगं घेतली तर गोळी अंगी लागत नाही. काय शिकून आली तू?" दुसऱ्या दिवशी लिंबांची पिशवी घेऊन त्या माझ्यासह त्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हजर. चहाला तासाभराची बंदी. प्रत्येकीला लिंबूपाण्यासोबत गोळी, आणि मग, "तोंड उघड, दाखव." बाया हसून म्हणाल्या, "सिस्टर, दात मोजून राह्यल्या का?" अहवाल उशिरा गेला, वरून बोलणी खावी लागली. ताईंचे उत्तर ठरलेले: "गोळी वाटली म्हन्जे पोटात गेली, असं नसते, साहेब." त्यांच्या या हट्टापायी मी कितीदा डोके धरून बसले आहे!

माझ्या गरोदरपणात मात्र त्या रागावल्या नाहीत. गोळीने पोट गच्च होते म्हणून मी गोळ्या गुपचूप फेकत होते. मी, नर्स असून! ताईंना कळले. मग रोज संध्याकाळी त्या डब्यात पालेभाजी घेऊन यायच्या, माझे जेवण होईपर्यंत बसायच्या आणि मी गोळी गिळल्यावरच घरची एसटी धरायच्या. बाळंतपणात रक्त फार गेले. अंगात होते म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले. ताई तेव्हा बाहेर बाकावर बसून रडत होत्या, हे मला खूप नंतर समजले.

आता त्याच ताई मला ऐकवतात, "पोट गच्च होते वं." माझेच वाक्य मला! काय बोलावे, सांगा.

ताई, आपणांस निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, एवढे लिहून मी मोकळी होणार नाही. शुभेच्छा दिली म्हणजे लागू पडली, असे नसते. हे तुमच्याच हाताखाली शिकले. सत्काराच्या दिवशी चहा तासभर उशिरा द्यायचा, हे संयोजकांना बजावून ठेवले आहे. व्यासपीठावर मी लिंबूपाणी घेऊन उभी असेन. शेजारी माझी मुलगी असेल, तिच्या हातात तुमची गोळी. शाल नंतर घ्या. आणि गिळून झाली की तोंड उघडून दाखवा.