मास्तरांनी धुवायला लावलेली तख्ती

निजामाच्या राज्यात, मुरुम गावच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांना लिहिलेलं पुसायला लावायची भारी खोड. पोरानं मन लावून तख्ती भरावी, मास्तरांनी वाचावी आणि शांतपणे म्हणावं, “धो डाल.” मग ती लाकडी फळी रांजणापाशी न्यायची, धुवायची, मुलतानी माती फासून उन्हात वाळवायची, की पुन्हा बोरू हातात. गावानं नावच ठेवलं, तख्तीवाले मास्तर.

माझा दादा मॅट्रिक झाला आणि हैदराबादच्या विद्यापीठात अर्ज करायचं ठरलं. वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाला तर शिक्षण, न्हाय तर जन्मभर मोट, हे आमच्या वडिलांनी, आबांनी, सांगूनच टाकलं होतं. अर्जात स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. मुदत संपत आलेली, टपालाची मोटर दुपारी सुटायची. सकाळीच आबा, दादा आणि मागं शेपटासारखी मी, मास्तरांच्या अंगणात हजर. कोरा कागद एकच होता. मास्तर म्हणाले, “पहिले तख्तीवर.”

दादानं रिवाजाप्रमाणं सुरुवात केली. हुजूर, गरीबपरवर, मी आपला नाचीज खाकसार, पायाची धूळ. फळी भरली.

“मियाँ, यात हुजूर दिसले. तू किधर है?” मास्तर म्हणाले. “धो डाल.”

दुसऱ्या खेपेला दादा दुसऱ्या टोकाला गेला. सर्व विषयांत हुशार, मेहनती, इमानदार.

“सोयरीक जमवताना हरेक बाप हेच सांगतो. धो डाल.”

ऊन चढलं. ओली फळी काही वाळेना. आबा सारखे रस्त्याकडं बघत होते. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, “मधलं एक वर्ष शाळा सुटली होती, ते कुठं लिहिलंस?”

दादा आबांकडं बघायला लागला. आबा म्हणाले, “ते नगा मास्तर. म्या अंथरुणाला खिळलो, पोरानं मोट हाकली. वाचून हसतील तिकडं.”

“झाकलेलं भांडंच लोक उघडून बघतात, पाटील.” मग माझ्याकडं वळले. “बेटी, मोट हाकताना भाऊ काय करायचा?”

मी भीत भीत सांगितलं, “मी विहिरीपाशी पुस्तक धरून बसायची. बैल मागं सरत आले की दादा एक ओळ बघायचा, धावंच्या उतारावरून खाली जाताना मोठ्यानं म्हणायचा. चुकला की मी थांबवायची.”

“तुला वाचता येतं?”

“ऐकून ऐकून यायला लागलं.”

मास्तरांनी वाळलेली तख्ती पुढं सरकवली. मग दादाला म्हणाले, “हेच लिही. बहिणीसकट.”

आबांचा चेहरा उतरला. तिकडं मोटरचा भोंगा वाजला. दादानं लिहिलं, मास्तरांनी वाचलं, आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. या खेपेला त्यांनी रांजणाकडं बोट दाखवलं न्हाय, कागद पुढं केला.

अर्ज त्याच मोटरनं गेला आणि दादाला बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी म्हणे निम्मा वेळ त्या मोटंचंच विचारलं. वजिफाही मिळाला.

पुढं निजामी गेली. त्या धामधुमीत मास्तरही बिऱ्हाड आवरून निघाले. जाताना आमच्या दारात आले आणि तख्ती माझ्या हातात दिली. “बेटी, आता तुझा अर्ज.” माझं लग्न तोवर ठरलेलं. अर्ज राहूनच गेला.

सासरी तख्ती ट्रंकेच्या तळाशी नेली. लई वर्षांनी माझी लेक कॉलेजच्या अर्जाला बसली तेव्हा बाहेर काढली. तिनं तख्तीवर पहिल्याच ओळीत वडिलांचं नाव, घराणं, जमीन असं सगळं लिहिलं. मी वाचलं आणि रांजणाकडं बोट केलं.