लडकू मास्तर आणि जनीचा कागद

लडकू मास्तर शहाणे होते की भोळे, हे मला त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढूनही कळलं नाही, आणि आता सत्तरी ओलांडल्यावरही कळत नाही. माणूस भिवंडीकडचा. सातवीची फायनल परीक्षा पास झाला आणि थेट आमच्या मुरबाडच्या डोंगराखाली, सिद्धगडाच्या पायथ्याला येऊन पडला. चारही इयत्तांना मिळून एकच मास्तर आणि एकच खोली. अंगानं किरकोळ, टोपी कायम एका बाजूला कललेली. काही अडलं की खडूनं कान खाजवायची सवय, त्यामुळे संध्याकाळपर्यंत उजवा कान पांढरा होई. आम्ही पोरं कान बघूनच ओळखायचो की आज मास्तर किती गोंधळलेत.

अडतीस सालची गोष्ट. शाळा तपासायला साहेब आले. आम्ही त्यांना दिपोटी म्हणायचो. त्यांनी चौथीला 'गाय' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. आम्ही अकरा जणांनी तो खाली मान घालून झडझडून लिहिला, कारण मास्तरांनी तो वर्षभर आमच्याकडून घोकून घेतला होता. साहेबांनी चार पाट्या वाचल्या, पाचवी उचलली आणि खाली ठेवली.

"मास्तर, ही अकरा मुलं आहेत, की एकच मुलगा अकरा वेळा बसवलाय?"

साहेब पुढं म्हणाले, "पुढल्या खेपेला मला प्रत्येकाचं मनचं पाहिजे. कागदावर. दिवाळीनंतर येईन."

मनचं! हे काय असतं ते मास्तरांना तरी कुठं ठाऊक होतं? त्यांनी आयुष्यात फक्त गावकऱ्यांची पत्रं लिहिली होती, 'पत्रास कारण की' पासून 'कळावे' पर्यंत. दुसऱ्या दिवशी ते आमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज मनचं लिवा."

"मनचं म्हंजे कोनाचं?" मी विचारलं.

"म्हणजे... जे झालं नाही ते."

"ते तं खोटं ना, मास्तर?"

आली का पंचाईत! खोटं बोललो म्हणून आदल्याच दिवशी त्यांनी मला छडी मारली होती. मास्तरांनी कान खाजवला. मग म्हणाले, "खोटं बोलायचं नाही. लिवलं तं चालंल." मला तेव्हा ते काही पटलं नाही, पण छडी मिळणार नसेल तर आपलं काय जातं?

आणि खरं सांगतो, पुढचा महिनाभर शाळेत इतकी मजा आली की पुन्हा कधी आली नाही. आम्ही पाटीवर लिहायचो, मास्तरांना वाचून दाखवायचो आणि पुसायचो. माझी म्हैस मुंबई बघून आली. कुणाचा आजा चंद्रावर भात लावायला गेला, पण तिथं चिखलच नव्हता. मास्तर पोट धरून हसायचे आणि लगेच गप्प व्हायचे, आपण हसावं की रागवावं हे न कळल्यासारखे. "पुढं काय झालं?" एवढंच विचारायचे. त्या एका प्रश्नासाठी आम्ही घरी जातानाही गोष्टी जुळवत असायचो.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. साहेबांची फेरी आठवड्यावर आली, तेव्हा मास्तरांनी मुरबाडच्या बाजारातून कागद आणले. पाटीवरचं कागदावर आलं आणि खळ लावून भिंतीवर चिकटलं. घोटाळा झाला तो इथं. पाटी पुसून जाते, तिचं कुणाला भय नव्हतं. कागदाचं होतं.

त्याच सुमारास आमच्या वर्गातल्या जनीला भाऊ झाला. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. आमच्याकडे त्या दिवशी बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि बोरू ठेवतात. सटवी येते आणि पोराच्या नशिबात काय घडायचं ते त्यावर लिहून जाते, असं म्हणतात. जनीची आजी सकुबाई तो कोरा कागद मागायला शाळेत आली. मास्तरांनी दिला. म्हातारीनं तो पदरात नीट गुंडाळला, निघता निघता तिची नजर भिंतीकडं गेली आणि ती खुशीत म्हणाली, "यातला आमच्या जनीचा कंचा?"

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मीच शहाण्यासारखा उठलो आणि खणखणीत वाचला.

'राघो सिद्धगडावर गेला. वर वाघ होता. वाघ म्हणाला, तुला काय येते? राघो म्हणाला, मला भाकरी भाजता येते. वाघ म्हणाला, मग राहा. राघो राहिला. तो खाली आला नाही. आता कधी येणार नाही. समाप्त.'

राघो म्हणजे जनीचा बाप. म्हणजेच सकुबाईचा एकुलता एक लेक.

म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला. "मास्तर, झालं नाय ते कागदावर सटवी लिवते. तुमी आमच्या पोरीकडून लिवून घेतलात?"

"अगो आजी, ही गोष्ट हाय नुसती!" मास्तर म्हणाले. "हवं तं फाडून टाकतो."

"फाडू नका!" म्हातारी किंचाळली. "माजा लेक फाटंल!"

मास्तरांचा हात हवेतच राहिला. उलटा चिकटवू का म्हणाले, तर उलटा नको. घरी घेऊन जा म्हणाले, तर ती हात लावेना. शेवटी तिनंच जनीचा दंड धरला. "चल, लिव. राघो खाली आला म्हनून लिव!"

जनी काटकुळी पोर, दहा वर्षांची. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नाय."

"का गो?"

"माज्या गोष्टीत तो येत नाय."

म्हातारीनं तिला एक ठेवून दिली. मास्तरांनीही समजावलं, "जने, एक ओळ लिव, बाय." जनी रडली, पण लिहिलं नाही. मग म्हातारीनं तिला ओढत घरी नेलं आणि दारातून सांगितलं, "ही शाला बास झाली. नातीला परत धाडायची नाय मी."

दुसऱ्या दिवशी जनी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मास्तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबायचे. शाळेत मुली तीनच, आणि त्यांतली लिहिणारी एकटी जनी. मास्तरांनी तिच्याच हातात बोरू दिला आणि त्यापायीच तिची शाळा सुटली, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत मी पाहिलं, ते भिंतीपाशी दौत घेऊन उभे होते. जनीच्या वळणाचं अक्षर काढून 'समाप्त'च्या खाली एक ओळ घालायची होती. मग मला बघून म्हणाले, "राघो खाली का येईल रे? वर बरं चाललंय त्याचं." आणि दौत ठेवून दिली. आम्हांला लिहायला लावणाऱ्या माणसाला एक ओळ सुचेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

चौथ्या दिवशी सकाळी राघोच आला. कोळशाच्या भट्टीवर जायला निघालेला, खांद्यावर कोयता, हाताला धरलेली जनी. मास्तरांचा कान आधीच पांढरा होता.

"काय लिवलंय ते वाचा," राघो म्हणाला.

मास्तरांनी वाचलं. 'समाप्त' हा शब्दसुद्धा वाचला. राघो थोडा हसला. मग जनीसमोर उकिडवा बसला.

"मी खाली का येत नाय गो?"

जनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"सांग ना."

"वर मुकादम नाय," जनी म्हणाली. "तिथं तुला कोन मारीत नाय."

भट्टीवरचा ठेकेदाराचा मुकादम माणसांना वेताच्या काठीनं मारतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. राघो घरी सांगायचा, घसरून पडलो म्हणून. मला एकदम लाज वाटली, कारण मी तो कागद तोऱ्यात वाचला होता. मास्तर कागदाकडं बघत होते, जनीकडं बघत होते. झालं नाही ते लिवा, असं त्यांनी सांगितलं होतं. मग हे काय होतं?

तेवढ्यात सकुबाई धापा टाकत आली. "राघो, पोरीला घेऊन चल! लिवलेलं टलत नाय!"

राघो उठला.

"आये, माज्या पाचवीला कागद त्वांच ठेवला व्हतास ना?"

"मंग! ठेवनार नाय तं काय?"

"आनि मी मार खावा म्हनून कोनी लिवलं?"

"सटवीनंच लिवलं असंल, बाबा," म्हातारी हळूच म्हणाली.

"मंग तिच्यापरीस माजी पोर बरं लिवते," राघो म्हणाला. "ऱ्हाऊ दे तिला शालेत."

सकुबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. जनी आपल्या जागेवर जाऊन बसली. राघोनं कोयता खांद्यावर नीट केला आणि भट्टीवर गेला.