टपावरच्या पाट्या

कागलच्या धोंडीराम कांबळेनं ट्रॅक्स जीप घ्यायचं मनावर घेतलं ते १९९४ साली. कारखान्याच्या ट्रकवर राबून तो विटला होता, आणि कोल्हापूरला वडाप मारणारे, म्हणजे नाक्यावरची माणसं गोळा करून नेणारे जीपवाले त्याला मजेत दिसायचे.

"दिसत्यात," त्याची बायको मीनाबाई म्हणाली. "पर आधी नाक्यावर बसून बघा की. रिकामं कोण जातंय ते बी बघा."

तो बसला. एका पावण्याची पिशवी दोघं जीपवाले दोन बाजूंनी ओढत होते. लायसन असलेला कुणीही उठून या धंद्यात घुसत होता. भाडं वाढवावं, तर मागून एस्टी येतच होती. धोंडीरामचं मन खट्टू झालं. उठणार, तोच रस्त्याकडेला भाजीच्या पाट्या घेऊन ताटकळलेल्या बायका दिसल्या. पाटी जागा अडवते म्हणून जीपवाले थांबत नव्हते, आणि एस्टीचा कंडक्टर खेकसत होता.

"मावशी, रोज असंच?"

"रोज की रं," त्यातली अंबूबाई म्हणाली. "मेथी सुकल्यावर कोण घेतंय?"

धोंडीरामनं गाडी आणली ती टपावर भक्कम कॅरियर ठोकूनच. सकाळी वर भाजी, आत बायकांचा कल्ला. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईपर्यंत कुणाची सून, कुणाची म्हैस, सगळं त्याला कळायचं. ते दिवस काही औरच होते.

पण चांगलं चाललेलं लपत नाही. नाक्यावरच्या सयाजीनं आपल्या जीपला कॅरियर लावलं, मग बाकीच्यांनी. पुन्हा ओढाओढ सुरू झाली. धोंडीरामनं सयाजीला चहाला नेलं.

"तू माझ्या बायका पळवणार, मी तुझ्या. त्यापरीस नंबर लावू."

चहावाला दचकून बघायला लागला, तसे दोघं पोट धरून हसले. एकामागं एक गाडी भरायचे नंबर लागले, आणि नाका बरीच वर्षं शांत राहिला.

पुढं दारोदार मोटारसायकली आल्या. छोटे टेम्पो थेट बांधावरून भाजी उचलायला लागले.

"सयाजी, आता गिऱ्हाईकच गाडीवालं झालंय," धोंडीराम म्हणाला. "इकून टाकू."

सयाजीला ते पटलं नाही. धोंडीरामनं २००६ साली गाडी विकली आणि शाळेच्या बसवर नोकरी धरली. सयाजीची जीप मात्र पुढं दारातच गंजली.

सुट्टीदिवशी धोंडीराम कपिलतीर्थाला जायचा. "आला गं आमचा डायवर!" म्हणत बायका सरकून जागा करायच्या. भाजी आणायला गेलेला माणूस दुपारपर्यंत तिथंच गप्पा हाणत बसायचा.