आप्पांनी दात लावलेला माल

आप्पा कोणतीही वस्तू आधी चावून बघत. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती आणि सोयाबीन असो की तूर, पोत्यातला दाणा दाताखाली धरल्याशिवाय त्यांनी कधी भाव सांगितला नाही. दाणा कट् वाजून तुटला की त्यात हवा कमी, म्हणजे ओलावा कमी, आणि माल चांगला. सवय मोंढ्यापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण माझ्या मेडिकलात आले की खोकल्याची गोळीसुद्धा ते पुढच्या दाताने फोडून बघत आणि "बरी हाय" असा शेरा देत. गंमत म्हणजे ते दात त्यांचे नव्हतेच. वरखाली दोन्ही कवळ्या लातूरहून बसवून आणलेल्या होत्या. कोणी चिडवलं की आप्पा कवळी वाजवून म्हणत, "दात नकली असतील, पारख अस्सल हाय."

त्यांच्या कुत्र्याचं नाव मुनीम. गावठी, पण आडतीच्या गादीशेजारी असा बसायचा की नवं गिऱ्हाईक त्यालाही नमस्कार करी. आप्पांनी आडत मुलाच्या हाती दिली, तेव्हा मुनीमही त्यांच्यामागून घरी आला आणि निवृत्त झाला. मागच्या वर्षी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. आप्पांनी त्याला जीपमध्ये घालून लातूरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या दूधभाकरीवर आता भागणार नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीचं कोरडं खाणं द्या, प्रथिनं चांगली बघा, मीठ बेताचं बघा. अंगावर मांस धरलं तर जगेल, नाही तर अवघड आहे.

मी औषधांबरोबर कुत्र्यांचं खाणंही ठेवते, म्हणून आप्पा तिथून थेट माझ्या दुकानात आले. हातात परखी होती. पोत्यात खुपसून मासला काढायची ती लोखंडी नळी बघून मी म्हटलं, "आप्पा, पिशवीला भोक पाडू नका."

"ताई, पिशवीवरच्या कुत्र्याचा फोटू कोण बघून राहिलंय? आतला माल दाव."

मी पिशवीवरचं वाचून दाखवायला लागले. जे वजनाला जास्त ते आधी लिहिलेलं असतं, हेही सांगितलं. पहिल्या पिशवीत मका, सोयाबीनची पेंड, तांदळाची कणी.

"ही तर आपल्याच मोंढ्यातली पोती की! मुनीम जल्मभर ह्याच्यावर झोपला, आता खायला घालू का?"

मी दुसरी पिशवी वाचेपर्यंत त्यांनी परखी खुपसून तिच्यातला दाणा तोंडात टाकलाही होता. कट् असा आवाज दुकानभर झाला. "लई कडक. हवा न्हाईच. हाच माल चांगला. काय काय हाय ह्यात?"

"कोंबडी," मी म्हटलं.

आप्पांचा जबडा जागच्या जागी थांबला. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, उंबऱ्याच्या आत आजवर अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. ते बाहेर गेले, माझा पिण्याच्या पाण्याचा जग चुळा भरून संपवला आणि खिशातली विभूती कपाळाला लावून परत आले. मग म्हणाले, "मुनीमाच्या गळ्यात लिंग हाय का?"

"नाही."

"मग बांधून दे ही पिशवी."

पण मुनीमने ते खाल्लं नाही. दाणा तोंडात घ्यायचा, इकडून तिकडे फिरवायचा आणि आप्पांच्या चपलेत नेऊन ठेवायचा. बरगड्या आणखी वर आल्या. आप्पा कंपनीला शिव्या घालत होते. मी विचारपूस करायला गेले तेव्हा त्यांची सून शिवलीलावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आप्पा, तुमी सोता कवळी काढून, भाकरी वरणात कालवून जेवताव. त्येच्या तोंडात किती दात हाईत बघितलाव का?"

आप्पांनी मुनीमचा जबडा उघडला. एक सुळा आणि मागे कुठे दोन-चार दाढा, एवढाच ऐवज. आप्पा एकदम खाली बसले. "जल्मभर कडक मालाला भाव दिला म्या," ते म्हणाले, "खाणाऱ्याचं तोंड बघितलंच न्हाई."

त्या दिवसापासून दाणे कोमट पाण्यात भिजायला लागले. तरी मुनीम थांबून राही. आप्पांनी दात लावल्याशिवाय या घरात माल पास होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोंबडी तर तोंडात घालायची नाही. मग आप्पा एक दाणा ओठांजवळ नेत, कवळी हवेतच कट् वाजवत आणि मान डोलावत. मुनीम लगेच वाटीत तोंड घाली. बघता बघता त्याने अंग धरलं.

"मोंढ्यात सांगू नगस," आप्पा मला म्हणाले. "खोटी पारख करून राहिलोय. तू खातीस ना कोंबडी? एक डाव चावून खरं काय ते सांग की."

मी हसून म्हटलं, "आप्पा, मी विकते तेवढं पुरे."

यंदा संक्रांतीनंतर आप्पा झोपेतच गेले. मोंढा दिवसभर बंद राहिला. पुढच्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या, डोळे सुजलेले. "मुनीम खाईना, ताई. भिजवलं, कोमट केलं. वाटीपुढं बसतोय न् आमच्या तोंडाकडं बघतोय."

मी दुकान तसंच ठेवून गेले. वहिनींनी एक दाणा ओठांजवळ नेला, डोळे घट्ट मिटले आणि दातावर दात आपटले. आवाजच निघाला नाही. मुनीमने मान वळवून दाराकडे बघितलं. मला राहवेना. मी पिशवीतला कोरडा दाणा घेतला, तोंडात टाकला आणि जोर लावून चावला.

कट्.

मुनीमचे कान हलले. तो उठला, हळूहळू वाटीशी गेला आणि खायला लागला. वहिनी पदराआडून रडत होत्या आणि हसतही होत्या. "कसं हाय?" त्यांनी विचारलं.

आप्पांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी वहिनींना दिलं. "हवा कमी आहे," मी तोंडातला चुरा गिळत म्हटलं, "आणि मीठ अगदी बेताचं."