दुपारची भरती

सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. सर्वपित्री अमावस्या. मनाली गावंड मांडीभर पाण्यात उभी राहून उघाडीच्या खाचेत तिसरी फळी बसवते आहे. फळी भिजून जड झाली आहे, खाचेला शेवाळ धरलं आहे. ती फळी पायाने दाबते, मग लाकडी ठोकळ्याने ठोकून खाली नेते, पाण्यात हात घालून फट चाचपते आणि चौथी उचलते. अंगात लॅबचा जुना निळा कुर्ता आहे.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला ते उघडं ठेवलं की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीआधी बंद केलं नाही तर खाडी शेतात येते. उरणच्या पूर्वेकडच्या या गावातलं लोखंडी दार गंजून गेलं, तेव्हापासून फळ्यांवर काम चालतं. फळ्या टाकायची पाळी घरोघर फिरते. रोजच्या भरतीचं कुणाला फारसं भय नाही. भय आहे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचं, आणि इथे उधाण दुपारी बाराच्या नि रात्री बाराच्या सुमारासच येतं. रात्री गावात पुरुष असतात. दुपारी ते बंदराजवळच्या कंटेनर यार्डांत असतात.

मनाली एकोणचाळीस वर्षांची आहे. सीबीडी बेलापूरच्या एका खासगी लॅबमध्ये ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती, त्यातली शेवटची तीन रक्ततपासणी विभागाची प्रमुख. नवरा रणजीत ट्रेलर चालवतो. गुजरातच्या फेरीवर गेला की आठवडाभर घरी नसतो. मुलगी वैष्णवी बारावीला आहे. घरचं दीड एकर भात. लावणी, बेणणी, कापणी, सगळं मनालीच्या रजेवर. उघाडीची पाळी पूर्वी सासू चांगुणाबाई सांभाळत. त्यांनी सत्तरी ओलांडली, गुडघा गेला, तेव्हा तीही मनालीकडे आली.

नारळी पौर्णिमेला गावंडांची पाळी होती. मनालीने पंधरा दिवस आधी रजा टाकली, मंजूरही झाली. आदल्या संध्याकाळी मॅनेजरने ती रद्द केली. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं तपासणी शिबिर अचानक ठरलं होतं. वर त्याने गंमतही केली: लोक दिवाळीची सुट्टी मागतात, तुम्ही पौर्णिमा-अमावस्येची मागता, अंगात येतं का मॅडम? तिने शेजारच्या दोन घरी विचारलं. सणासाठी दोन्ही घरं मोऱ्याला पाहुण्यांकडे निघाली होती. चांगुणाबाई म्हणाल्या, मी जाते.

त्या वेळेवर गेल्या, फळ्याही वेळेवर टाकल्या. पण सगळ्यात खालच्या फळीखाली थर्माकोलचा तुकडा अडकला होता, मासळीच्या खोक्याचा. तो खाली बसून, हात घालून काढावा लागतो. गुडघा वाकेना. त्यांनी बांबूने ढोसलं, तुकडा मोडला, अर्धा आतच राहिला. पाणी चढलं तशी खालची फळी उचलली गेली आणि वरच्या तिच्यामागून सुटल्या. मनालीचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती शिबिरातल्या एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होती. ती गावात पोचली तेव्हा ओहोटी लागली होती. नुकतंच मूळ धरलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं, तिचं आणि बांधाआतल्या सगळ्यांचं. आठवडाभरात रोपं आधी पिवळी, मग तांबडी पडली.

देवळात बैठक बसली. हसुराम पाटलांचं शेत बांधालगत आहे, सगळ्यात मोठं. बांधाआतली सगळ्यांची जमीन कंटेनर पार्किंगला देऊन टाकावी, असं ते दोन वर्षं सांगत होते. कंत्राटदाराला जमीन सलग हवी होती आणि भरावाखाली उघाडी बुजणार होती. ती बुजली की भरावाच्या मधे राहिलेल्या शेताला पाणी काढायला वाट उरत नाही. दोन पावसाळ्यांत तिथे लव्हाळा माजतो, आणि मालक तेही देऊन मोकळा होतो. शेजारच्या गावात असंच झालं होतं.

"मॅडम बेलापूरला लोकांचा रगात काढतान," हसुराम म्हणाले, "न् इथं आपले शेतान खारा पानी भरतान." बैठक हसली.

चांगुणाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "फली मी टाकली. सुनेचा नाव कशाला घेतंस?"

मनालीने त्यांना बसवलं. म्हणाली, "पुढच्या लावणीपर्यंत दुपारची सगळी उधाणं मी सांभाळते. एक जरी चुकलं तरी भराव टाका, मी आड येणार नाही."

"न् नोकरी?" हसुरामांनी विचारलं.

"ती माझी मी बघते."

हसुरामांसकट सगळ्यांनी ते मान्य केलं. अट सोपी होती आणि ती पाळली जाईल असं फार थोड्यांना वाटत होतं.

लॅबमध्ये दर पंधरवड्याला तीन-चार दुपारी सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. घरोघर जाऊन नमुने गोळा करायचं काम पहाटे सुरू होतं नि दहाला संपतं. तिने ते मागून घेतलं. पगार उतरला. विभाग स्मिताकडे गेला. स्मिताला सुई धरायला मनालीनेच शिकवलं होतं.

चांगुणाबाई त्या दिवसानंतर बांधाकडे फिरकलेल्या नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आहे. त्या म्हणतात, आता कशाला. पहाटेच्या भाकऱ्या आता वैष्णवी भाजते, मग क्लासला जाते. परवा तव्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "आई, शेतात भात नाहीच आहे ना? मग राखतेस काय?"

मनालीने तिला समजावलं. जमिनीत मुरलेला खार पावसाच्या पाण्याने धुऊन निघायला हवा. मधे एकदा जरी खाडी आत आली, तर पुढच्या वर्षीही रोप धरणार नाही. वैष्णवीने भाकरी उलटली.

सव्वाबाराला पाणी वरच्या फळीला टेकतं. एका फटीतून धार लागते. मनाली चिखलाचा गोळा गोणपाटात गुंडाळून तिथे कोंबते, वरून पाय देऊन उभी राहते. बांधावर हसुरामांची मोटरसायकल थांबते. प्रत्येक उधाणाला ते येतात. इंजिन बंद न करता फळ्या मोजतात.

"आज रविवार हाय, सुट्टी हाय," ते म्हणतात. "उद्या बगू."

मनाली खाली वाकते. धार थांबली आहे का, ते पाहते. थांबलेली आहे. तीनला ओहोटी पुरेशी उतरेल तेव्हा फळ्या काढायच्या, तोवर बांधातली खेकड्यांची भोकं बुजवायची.

उद्या घटस्थापना. तिचं पहिलं सॅम्पल नेरुळला सव्वासहाला आहे, शेवटचं खारघरला साडेनऊला. भरती बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी.